बोलणं बंद झालेल्या घरातली प्रार्थना

अबोला धरलेल्या घरात तासभराची उपासना टिकत नाही. दहा मिनिटं पुरेत. जेवणाआधी टीव्ही बंद करून बायबलमधलं स्तोत्र 133 वाचा, तीनच वचनं आहेत. मग प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं, तेही स्वतःबद्दल: ‘प्रभू, सकाळी मी सुनेला टाकून बोलले, क्षमा कर.’ बिघडतं ते इथेच. ‘प्रभू, हिला सुबुद्धी दे’ म्हटलं की तो डोळे मिटून मारलेला टोमणा होतो! रुसलेल्याला ओढून बसवू नका. मत्तय 5:23-24 मध्ये येशू अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगतो. म्हणजे आमेननंतर त्याच्या खोलीत आपणच जायचं. मारहाण होत असेल तर मात्र आधी 112 ला फोन, चर्चच्या पाळकांना नंतर.