साडेसहाचा गजर आणि अर्ध्या मिनिटाचा उशीर

शनिवार, ४ जानेवारी २०२५, ठाणे

गोल्डन ग्लोब या अमेरिकन चित्रपट-टीव्ही बक्षिसांचा ८२वा सोहळा उद्या, रविवारी. म्हणजे तिथल्या रविवारी. कॅलिफोर्नियातल्या बेव्हर्ली हिल्टन हॉटेलात संध्याकाळचे पाच वाजतील तेव्हा घोडबंदर रोडवर सोमवारी सकाळचे साडेसहा झालेले असतील. हिवाळ्यात फरक साडेतेरा तासांचा. वेळ न्यूयॉर्कची दिलेली असेल तर साडेदहा मिळवायचे. तारीख पुढे सरकते हे विसरून रविवारीच भल्या पहाटे उठून बसणारा प्रत्येक घरात एक तरी असतो. फोनच्या घड्याळात लॉस एंजेलिस हे दुसरं शहर टाकून ठेवलं की हे पाढे म्हणायला लागत नाहीत.

दुसरं काम ॲपचं. सोहळ्याचे हक्क देशागणिक विकले जातात आणि भारतातला घेणारा बदलतो, त्यामुळे 'गेल्या वर्षी इथेच दिसलं होतं' हा भरवशाचा पुरावा नाही. आज रात्री ॲप उघडून त्यात सोहळ्याची पट्टी आहे का, तिच्यावर भारतीय वेळ लिहिली आहे का, एवढं बघायचं. असेल तर टीव्हीवरच लॉगिन करून ठेवायचं. रिमोटच्या बाणांनी पासवर्ड भरायला किती वेळ लागतो ते सकाळी सहा अठ्ठावीसला कळून उपयोग नाही. टीव्हीतली ॲप बराच काळ न उघडल्यास आधी अपडेट मागतात आणि जुन्या टीव्हीत जागा नसल्याने ते अपडेट अडून बसतं. नको असलेली दोन ॲप आजच काढावीत.

यूट्यूबवर 'लाइव्ह' लिहिलेल्या वीसेक खिडक्या उद्या उघडतील. रेड कार्पेटचं प्रक्षेपण अधिकृत चॅनेलवर बहुधा फुकट असतं, मुख्य सोहळा नसतो. खोटी खिडकी ओळखायला सोपी: एकच स्थिर चित्र किंवा गेल्या वर्षीचं फिरवून फिरवून दाखवलेलं रेड कार्पेट, गप्पांची चौकट बंद, आणि खाली 'पूर्ण पाहण्यासाठी इथे दाबा'. तिथे दाबलं की कार्डाचा नंबर मागतात. फुकट दाखवायला कार्ड कशाला लागतं, हा प्रश्न त्या घाईत कुणाला पडत नाही.

रविवार, ५ जानेवारी

नेटची तयारी. एचडीला ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५, असं नेटफ्लिक्स सांगतं. शंभरच्या प्लॅनला हे काहीच नाही. तरी चकरी फिरते, आणि तिचं कारण सहसा कंपनी नसून भिंत असते. टॉवरच्या इमारतीत राऊटर दाराजवळच्या कपाटात, टीव्ही हॉलच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये काँक्रीट. शिवाय २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न भिडणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. एका मजल्यावर चार घरं, वरखाली आणखी आठ, सगळ्यांचे राऊटर त्या तीन चॅनेलांवर दाटीवाटीने बसलेले. टीव्हीला ५ गिगाहर्ट्झचं नाव जोडावं, पण ते भिंतीपलीकडे लवकर दमतं. सर्वात बरी केबल. दहा मीटरची लॅन केबल एका सकाळीपुरती सोफ्याखालून टाकली तर घरात कुणाचं बिघडत नाही, फक्त पाय अडकतो.

विजेचं निराळं. राऊटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, पण घेताना फायबरची वायर जिच्यात शिरते ती डबी आणि राऊटर एकच आहेत की वेगळे ते पाहावं. वेगळे असतील तर दोन्हींना वीज हवी. आणि इथे एक गंमत आहे: काही इमारतींत केबलवाल्याचा स्विच डक्टमध्ये किंवा गच्चीवर असतो, आणि त्याला सोसायटीच्या लाइनवरून वीज जाते. ती गेली की घरातला यूपीएस नुसता दिवे लुकलुकवत बसतो. फायबर थेट घरात आला असेल तर मधल्या फाट्यांना वीज लागतच नाही. कोणतं कनेक्शन आहे ते केबलवाल्याला आत्ताच विचारावं, सकाळी साडेसहाला तो फोन उचलणार नाही.

सोमवार, ६ जानेवारी

पहिली दहा सेकंदं चित्र धूसर. याला बिघाड समजून बंद-चालू करू नये. ॲप आधी हलकं चित्र मागतं, नेटचा अंदाज घेतं आणि मग दर्जा वाढवतं. बंद करून पुन्हा लावलं की हा अंदाज पहिल्यापासून.

खरा मुद्दा उशिराचा. 'थेट' या शब्दाइतका सैल शब्द दुसरा नसेल. कुणी शिवी हासडली तर पुसता यावी म्हणून अमेरिकन वाहिनी स्वतःच काही सेकंदं मागे चालते. मग चित्राचे तुकडे पाडले जातात. ॲपलच्या एचएलएस या चित्र पाठवायच्या पद्धतीत सहा सेकंदांच्या तुकड्यांची शिफारस आहे, आणि प्लेअर साधारण तीन तुकडे मागून सुरुवात करतो, म्हणजे अठरा सेकंदं इथेच गेली. त्यात रूपांतर, सर्व्हरांची साखळी आणि टीव्हीचं स्वतःचं साठवण धरलं की अर्धं मिनिट सहज, कधी पूर्ण मिनिट. व्हॉट्सॲपला हे काहीच करावं लागत नाही, तिथे चार शब्द जातात. म्हणून पाकीट फुटायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर विजेता येऊन पडतो. उपाय एकच: नोटिफिकेशन बंद, फोन पालथा. हॉलमध्ये टीव्ही आणि स्वयंपाकघरात मोबाइल असे दोन्ही लावले तर एकाच घरात दोन वेळा चालतात आणि चहा गाळणारा माणूस टाळ्या आधी ऐकतो.

आजचं पहिलं बक्षीस झोई सल्डान्याला, सहाय्यक अभिनेत्रीचं. या सोहळ्यात १९५६पासून चित्रपटांबरोबर टीव्हीचीही बक्षिसं असल्याने आवडीचा विभाग कधी येईल ते सांगता येत नाही. मागे नेऊन पाहायची सोय असेल तर वापरावी, पण एकदा मागे गेलं की प्लेअर तेवढाच मागे राहतो. पुन्हा पुढे यायला 'लाइव्ह' या लाल ठिपक्यावर दाबावं लागतं. हे न कळल्याने पुष्कळ जण उरलेला सोहळा पाच मिनिटं शिळा पाहतात.

पायल कपाडिया दिग्दर्शनाच्या नामांकनात होत्या, तिथवर पोचलेल्या पहिल्या भारतीय महिला. बक्षीस ब्रॅडी कॉर्बेट यांना गेलं. इंग्रजीबाहेरच्या चित्रपटांतही कपाडियांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' होता, ते बक्षीस 'एमिलिया पेरेझ'ला. कपाडियांच्या ज्या चित्रपटात छाया कदम आहेत, जो मुंबईहून निघून रत्नागिरीच्या बाजूला जाऊन थांबतो, त्याचं नाव त्या टेबलांमध्ये घेतलं गेलं, हे मराठी माणसाने सकाळी साडेसहाला उठण्याचं पुरेसं कारण आहे. शेवटचं बक्षीस 'द ब्रूटलिस्ट'ला. तोवर साडेनऊ वाजून गेले होते.

साडेनऊपर्यंत घरी बसायची चैन सगळ्यांना नाही. साडेसातला कासारवडवलीहून बस, मग ठाण्याहून वाशीची लोकल, असा दिनक्रम असेल तर हिशोब मोबाइल डेटाचा. नेटफ्लिक्सच्याच आकड्यांनी ताशी अंदाजे ०.३ जीबी सर्वात हलक्या चित्राला, ०.७ मध्यमला आणि ३ जीबी एचडीला. रोज दीड जीबीच्या पॅकमध्ये तीन तास मध्यमने बसत नाहीत, हलक्याने बसतात. आणि तो फोन 'ऑटो'वर सोडला तर कापूरबावडीलाच कोटा संपल्याचा मेसेज येतो. ठाणे स्टेशनच्या फलाटावर काड्या पूर्ण दिसतात पण चित्र हलत नाही, कारण टॉवर तोच आणि माणसं हजारो. गाडी ऐरोली सोडून रबाळे, घणसोलीकडे निघाली की एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाताना झटका बसतो. भाषणं ऐकायचीच आहेत, दिसली नाहीत तरी चालतं. चित्र सर्वात खाली आणून कानात हेडफोन घालावा.

सोमवार, २४ फेब्रुवारी

स्क्रीन ॲक्टर्स गिल्डची बक्षिसं. चित्रपट आणि टीव्ही दोन्ही, मतं नटांचीच. गेल्या वर्षीपासून नेटफ्लिक्सवर थेट, म्हणजे 'भारतात कुठे' ही शोधाशोध नाही. वेळ तीच, साडेसहा. एकूण पंधरा विभाग आणि जाहिरातींचे खंड नाहीत, त्यामुळे सोहळा रेंगाळत नाही. पण जाहिरात नाही म्हणजे चहाला उठायचीही सोय नाही. ज्यांना पहिल्यांदाच थेट बघायचं आहे त्यांनी सुरुवात इथून करावी, ग्लोबपासून नको.

सोमवार, ३ मार्च

ऑस्कर. भारतात साडेपाच वाजता जिओहॉटस्टारवर. सूत्रसंचालक कोनन ओब्रायनने भारतातल्या लोकांना हिंदीत नमस्कार करून नाश्त्याची आठवण काढली. नाश्त्याला अवकाश होता, दूधही आलं नव्हतं, पण आपली वेळ कुणीतरी मोजली होती.

आज अमेरिकेत हुलू या ॲपवर ऑस्कर पहिल्यांदाच थेट दाखवलं गेलं. सुरुवातीला लॉगिनची पंचाईत, आणि शेवटी सोहळा ठरल्या वेळेपेक्षा लांबल्याने अनेकांचं प्रक्षेपण शेवटच्या दोन बक्षिसांआधीच बंद पडलं: अभिनेत्री आणि सर्वोत्तम चित्रपट. म्हणजे अख्खी रात्र बसून 'अनोरा'चं नावच ऐकायचं राहिलं. यातून घ्यायचं ते असं: ॲपला ठरलेला शेवट माहीत असतो, सोहळ्याला नसतो. पडदा अचानक काळा झाला तर नेटला दोष देण्याआधी ॲपच्या पहिल्या पानावर जाऊन नवी पट्टी आली आहे का पाहावं. रेकॉर्डिंग लावणाऱ्यांनी पुढचा कार्यक्रमही धरून लावावं.

थेटपणाच्या सैलपणाचा आणखी एक दाखला याच सोहळ्याचा आहे. २७ मार्च २०२२ला विल स्मिथने ख्रिस रॉकच्या थोबाडीत मारली तेव्हा अमेरिकेत आवाज गायब झाला होता. ऑस्ट्रेलिया आणि जपानच्या प्रक्षेपणात तो होता, आणि जगाने शब्द ऐकले ते तिथून. एकच सोहळा, देशागणिक वेगळा.

सोमवार, १५ सप्टेंबर

एमी, अमेरिकन टीव्हीची बक्षिसं. साडेपाच. भाषणं आटोपशीर व्हावीत म्हणून सूत्रसंचालक नेट बार्गात्झीने मुलांच्या संस्थेसाठी एक लाख डॉलरची देणगी जाहीर केली आणि पंचेचाळीस सेकंदांवर जाणाऱ्या प्रत्येक सेकंदाला हजार डॉलर कापायला सुरुवात केली. आकडा शून्याखाली गेला. शेवटी देणगी दिलीच, पण सकाळभर लक्ष विजेत्यांपेक्षा त्या आकड्याकडे. ही युक्ती एकदाच करण्याजोगी.

पावसाळ्यात हा सोहळा डिशवर बघू नये. ढग दाटले की छत्रीचा सिग्नल जातो. फायबरला पावसाचं काही नाही.

मंगळवार, २३ सप्टेंबर

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार, विज्ञान भवन, दिल्ली. ७१वे. दुपारी, फुकट, दूरदर्शनवर आणि यूट्यूबवर, घड्याळाची बेरीज-वजाबाकी न करता. उत्सुकता मात्र नाही, कारण नावं १ ऑगस्टलाच जाहीर झालेली. इथे विजेता कळत नाही, विजेता चालत येताना दिसतो, आणि ते बघण्यासारखं असतं. 'नाळ २'मधली चिमुकली त्रिशा ठोसर साडी नेसून राष्ट्रपती मुर्मूंच्या समोर गेली तेव्हा सभागृहात झालेल्या टाळ्या कोणत्याही ग्लोबला लाजवतील. मराठीतला सर्वोत्तम चित्रपट 'श्यामची आई'. १९५४ साली पहिलंवहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळालं होतं. सत्तर वर्षांनी तीच आई पुन्हा.

आपल्या मराठी वाहिन्यांचे सोहळे सहसा असे थेट नसतात. ते आधी चित्रित होतात, कापले-जोडले जातात आणि नंतर दाखवले जातात. घोडबंदर रोडवर मालिकांचे इतके सेट आहेत की विजेत्याचं नाव प्रक्षेपणाआधी वडापावच्या गाडीवर पोचलेलं असतं. तरी वाहिनीच्या पट्टीवर शब्द 'भव्य सोहळा' असाच, 'चित्रित' हा शब्द कुठे नाही.

टेंभीनाक्यावर देवीची गर्दी आहे. दुपारी बघून घेतलं ते बरं, संध्याकाळी स्टेशनच्या बाजूला फोन लागणार नाही.

गुरुवार, १८ डिसेंबर

बातमी आली: २०२९पासून ऑस्कर यूट्यूबवर, २०३३पर्यंत, जगभर. २०२८चा शंभरावा सोहळा एबीसी या अमेरिकन वाहिनीवरचा शेवटचा. 'कुठे दिसेल' हा प्रश्न एकदाचा मिटला. खोट्या खिडक्या मात्र त्याच गल्लीत शेजारी उभ्या राहतील, म्हणून चॅनेलचं नाव तेव्हाही वाचावं लागेल.

तोवर पुढच्या मोसमाचे गजर. गोल्डन ग्लोब सोमवार १२ जानेवारी, साडेसहा. नटांची बक्षिसं आता 'ॲक्टर अवॉर्ड्स' या नव्या नावाने, सोमवार २ मार्च, साडेसहा. मग ८ मार्चला अमेरिकेची घड्याळं तासभर पुढे जाणार आणि फरक साडेबारावर येणार. त्यामुळे सोमवार १६ मार्चचं ऑस्कर साडेपाचला नाही, साडेचारला. फोनमध्ये आत्ताच टाकून ठेवलं.