खडूच्या भुकटीतले ठसे

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असं शाळेचं पत्र आलं. सोबत विषयांची यादी होती : क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन, ग्रंथालय, आवडते शिक्षक. बाकीच्या विषयांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी जीवशास्त्राच्या बाईंबद्दल लिहिणार आहे, आणि त्यांच्याबद्दल लिहायचं तर प्रयोगशाळेमागच्या मांजरांबद्दल लिहावंच लागतं. कुठल्या बाई, हे माझ्या मागच्या-पुढच्या तुकड्यांना सांगायला नको.

आम्ही आठवीत होतो. मोठ्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि कसरतीच्या चटया ठेवायच्या खोलीत, एका गुंडाळीच्या आत चार पिल्लं सापडली. डोळे नुकते किलकिले होत होते. आईचा पत्ता नव्हता. मधल्या सुट्टीत ही बातमी वर्गावर्गांतून फिरली आणि खोलीपुढे गर्दी झाली. आई टाकून गेली, बिचारी मरतील, आपण वाटून घेऊ या, अशी बोलणी सुरू झाली. एका मुलीने तर दप्तर रिकामं करून आणलं होतं.

बाई आल्या. त्यांनी दारात आडवा हात धरला आणि विचारलं, "टाकून गेली, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

कोणाकडेच उत्तर नव्हतं. दूध पाजणाऱ्या मांजरीला स्वतःचंही पोट भरावं लागतं, त्यासाठी ती तासन् तास बाहेर असते आणि पिल्लांभोवती माणसं उभी असतील तर परत येतच नाही, हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पण आई येते की नाही हे कळणार कसं? बाईंनी सगळ्या वर्गांतली डस्टरं मागवली. वर्तमानपत्रावर ती झटकली, जमलेली खडूची भुकटी चटयांभोवती पातळ पसरली, दाराला विटेची फट ठेवली आणि आम्हाला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी त्यांनी आम्हाला दोघादोघांना आत सोडलं. भुकटीत ठसे होते. आत गेलेले, बाहेर आलेले, पुन्हा आत गेलेले. बाईंनी पट्टी जवळ धरून दाखवलं : चार बोटं, मधली गादी, आणि नखांची खूण कुठेच नाही, कारण चालताना मांजर नखं आत ओढून घेतं. कुत्र्याच्या पावलात नखं उमटतात. पाठ्यपुस्तकातली एकही आकृती माझ्या डोक्यात इतकी पक्की बसलेली नाही.

वर्गात कोणीतरी विचारलं, "बाई, ठसे नसते उमटले तर?" मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. आधी ऊब, मग दूध. गारठलेल्या पिल्लाला पाजायचं नाही, त्याला ते पचत नाही. पाजताना उताणं धरायचं नाही, पालथंच ठेवायचं, नाहीतर दूध श्वासनलिकेत जातं. गाईचं दूध नको, पिल्लांसाठी मिळतं ते वेगळं. पहिले तीनएक आठवडे पिल्लाला स्वतःहून लघवीसुद्धा करता येत नाही. आई चाटते म्हणून ती होते, तेव्हा आपण ओल्या कापसाने पुसत राहायचं. आणि हे सगळं दर दोन-तीन तासांनी. "रात्रीसुद्धा," बाई म्हणाल्या. "आता ज्यांना पिल्लू घरी न्यायचं आहे त्यांनी हात वर करा."

एकही हात वर आला नाही. बाई रागावल्या नाहीत. "मग आई सांभाळते आहे तोवर तिला सांभाळू या," एवढंच म्हणाल्या आणि फळ्यावर पाळ्या लिहायला घेतल्या.

मी भूतदयेवरची व्याख्यानं नंतर खूप ऐकली. बाईंनी व्याख्यान कधी दिलंच नाही. त्यांनी आम्हाला पाळ्या लावून दिल्या. खाणं रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कोपऱ्यात, आणि अर्ध्या तासात ताटली उचलून जागा धुवायची. त्यामुळे घाण होत नसे, उंदीर-घुशी येत नसत, शिपाईमामांची तक्रारही पुढे उरली नाही. शिवाय वेळ ठरलेली असली की मांजरं मोजता येतात, लंगडणारं, नाक गळणारं लगेच दिसतं. पाणी मात्र दिवसभर भरलेलं हवं. ज्या मुलाला मांजराजवळ गेलं की शिंका यायच्या, त्याच्याकडे बाईंनी नोंदवही दिली. तो खिडकीतून बघून लिहायचा आणि त्याच्या नोंदी सगळ्यांत नेटक्या असत. मांजरांची भीती वाटणाऱ्या मुलीला त्यांनी कधी जवळ जायला लावलं नाही. बोचकारलं तर लपवायचं नाही, साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि डॉक्टरकडे जायचं, हा नियम सगळ्यांना सारखा होता. आणि व्यायामाच्या सरांनी महिनाभर चटया मागितल्या नाहीत, कवायती उघड्या मैदानावर घेतल्या, हे इथे नमूद करायलाच हवं.

त्या पिल्लांची आई तिरंगी होती, पांढरी-काळी-पिवळी. बाईंनी तिला लांबूनच पाहून मादी म्हटलं होतं, पिल्लं सापडायच्या कितीतरी आधी. कसं ओळखलंत, हे आम्ही वर्षभर विचारत राहिलो आणि त्या "दहावीत सांगेन" म्हणत राहिल्या. दहावीत गुणसूत्रांचा धडा आला तेव्हा त्यांनी त्या मांजरीवरच तो शिकवला. पिवळ्या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीकडे दोन एक्स, आणि प्रत्येक पेशीत त्यांतलं एकच जागं असतं, म्हणून अंगावर काळे-पिवळे तुकडे पडतात. नराकडे एकच एक्स, त्यामुळे तिरंगी बोका अगदी क्वचित जन्मतो. मेरी लायन यांनी १९६१ मध्ये हा विचार उंदरांच्या रंगांवरून मांडला, हेही बाईंनी सांगितलं. ते जनुक नेमकं कुठलं, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. २०२५ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी ते शोधून काढल्याची बातमी आली, त्या दिवशी मी बाईंना फोन केला. त्यांनी माझ्याआधी वाचली होती! एक्सवरचा डीएनएचा एक छोटा तुकडा गळालेला असतो, एवढ्यानेच रंग बदलतो, हे त्या मला अर्धा तास समजावत होत्या.

मी पुढे हिशेबनीस झाले, प्राण्यांची डॉक्टर नाही. पण राहते त्या वस्तीत आम्ही काही जण मिळून मांजरांचं काम करतो आणि ते चांगलं चाललं आहे, हे मी इथे अभिमानाने लिहिते. पिंजरा लावून मांजर पकडायचं, पिंजऱ्यावर लगेच चादर टाकायची म्हणजे ते शांत होतं, नसबंदी करून आणायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. भुलीत असतानाच डॉक्टर एका कानाचं टोक सरळ कापतात, म्हणजे त्याच मांजराला पुन्हा कोणी पकडत नाही. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि दोन-सव्वादोन महिन्यांत विते, त्यामुळे उशीर करून चालत नाही. लोक म्हणतात, उचलून लांब सोडून या. जागा रिकामी झाली आणि खाणं तिथेच राहिलं की दुसरी मांजरं येतात, हे पटवण्यातच आमचा निम्मा वेळ जातो. तरी आता आमच्या गल्लीत सगळ्यांचे कान कापलेले आहेत आणि नवी पिल्लं दिसेनाशी झाली आहेत. जी आहेत ती धडधाकट आहेत. पावसाळ्यात गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारायची, हे आमच्याकडच्या लहान मुलांनीच आईवडिलांना शिकवलं. आत मांजर बसलेलं असू शकतं, आणि मुलं ते विसरू देत नाहीत.

मागच्या वर्षी शाळेत आले होते. नवी इमारत देखणी आहे, प्रयोगशाळा तर फारच. पण चटयांची खोली गेली, मागच्या भिंतीलगत फरशा बसल्या, भिंतीवर काचा आल्या. प्राणिप्रेमावरचे मुलांचे रंगीत तक्ते जिन्यात लावले होते. सुरेख होते. ते पाहताना मला राहून राहून वाटत होतं की या मुलांपैकी किती जणांनी पाण्याचं भांडं घासलं असेल. मुलांचा यात काही दोष नाही, त्यांना कोणी पाळीच दिलेली नाही.

बाई आता जिने चढत नाहीत, गुडघे त्रास देतात. फोनवर मात्र पहिला प्रश्न अजून तोच असतो : "अगं, मोजलीस का या आठवड्यात?"

मुख्याध्यापकांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे. सायकल स्टँडमागचा कोपरा मिळाला तर दोन पिंजरे, पाण्याची भांडी आणि पहिल्या वर्षाच्या नसबंदीचा खर्च मी देईन. पाळ्यांचं वेळापत्रक बाई स्वतः करून देणार आहेत, तसं त्यांनी कबूल केलं आहे. महोत्सवाच्या दिवशी त्या पहिल्या रांगेत असतील. आठवी-नववीतल्या ज्या मुलांना यात यायचं असेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर त्यांना भेटावं, आणि येताना एक कोरी वही आणावी.