मारियाडीबी बंद पडला, पण दोष केबलमध्ये होता

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावच्या ग्रंथालयाची देवघेव गेली चार वर्षे एका रास्पबेरी पाय ३ बी या छोट्या संगणकावर चालते. एक जीबी मेमरी, ३२ जीबीचे मेमरी कार्ड आणि त्यावर मारियाडीबी हा डेटाबेस, एवढाच पसारा. सात हजारांच्या आसपास पुस्तके आणि दोनशे सभासद यांना तो भरपूर पुरतो. जुलैमधल्या एका सकाळी ग्रंथपाल काकूंचा फोन आला, "पहाटे लाइट दोनदा गेली नि इली, तेव्हापासून ह्यां असांच दाखवता." पडद्यावर डेटाबेसशी जोडणी होत नसल्याचा संदेश होता.

तिथे पोहोचल्यावर मी मारियाडीबीचा सर्व्हर तीन-चार वेळा पुन्हा सुरू करून पाहिला. हे करायला नको होते, कारण आजारी कार्डावर प्रत्येक प्रयत्नात नवे लेखन होते. जर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या नोंदवहीत, इनोडीबीची (मारियाडीबीचा डेटा साठवणाऱ्या भागाची) तक्रार स्पष्ट होती: एका पानाची, म्हणजे डेटाच्या एका तुकड्याची, तो शाबूत आहे का हे सांगणारी पडताळणी बेरीज जुळत नव्हती. नोंदींच्या वेळांनी मात्र काही काळ गोंधळात टाकले. वीज पहाटे गेली होती आणि नोंदी आदल्या रात्रीच्या दिसत होत्या. या पायवर बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. इंटरनेट येईपर्यंत तो शेवटची साठवलेली वेळच खरी धरतो, आणि आमचा राउटरही विजेबरोबरच गेलेला होता.

डिस्क भरलेली नव्हती. कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) नोंदींमध्ये कार्ड वाचताना आलेल्या त्रुटी होत्या आणि त्यांच्या आधी वारंवार एकच ओळ होती, व्होल्टेज कमी पडत असल्याची. पायला स्वतःची स्थिती विचारल्यावर ०एक्स५०००५ हे उत्तर आले, म्हणजे व्होल्टेज पूर्वी तर पडलेच होते आणि त्या क्षणीही कमीच होते. हा इशारा सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली मिळतो. चौथ्या आणि सहाव्या पिनेवर मल्टिमीटर टेकवला तेव्हा आकडा ४.५च्या आसपास हेलकावत होता. केबल उपसली तर तिच्या टोकाच्या धातूवर हिरवट थर चढला होता. खिडकी समुद्राच्या बाजूला, पावसाळ्याची दमट खारी हवा, आणि पुरवठा मोबाइलच्या जुन्या चार्जरचा!

इनोडीबी १६ केबीचे पान आधी एका राखीव जागी आणि मग मूळ जागी लिहितो, त्यामुळे अर्धवट लिहिलेले पान त्याला सहसा दुरुस्त करता येते. पण स्वस्त कार्ड "लिहिले" असे सांगून प्रत्यक्षात नंतर लिहू शकते, आणि आतल्या आत मोठे ठोकळे पुसून हलवताना वीज गेली तर त्या वेळी कोणी हातही न लावलेली शेजारची पाने बिघडू शकतात. आमच्या बाबतीत असेच झाले असावे, कारण बिघडलेले पान दोन महिन्यांपूर्वीच्या नोंदींचे होते.

म्हणून दुरुस्तीपूर्वी कार्ड काढून लॅपटॉपवर डीडीरेस्क्यू या साधनाने त्याची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, घेतली; नेहमीचे साधन साधा डीडी पहिल्या त्रुटीपाशीच थांबतो, हा पुढे जाऊन अडलेल्या जागांकडे नंतर वळतो. ती प्रतिमा नव्या कार्डावर उतरवली आणि पायला ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा त्याचाच अडॅप्टर जोडला. मग इनोडीबीच्या सक्तीच्या पुनर्प्राप्तीची (बिघाड असूनही सर्व्हर सुरू करण्याची) पातळी १ ठेवून सर्व्हर उठवला. ४ आणि त्यावरच्या पातळ्या डेटा कायमचा बिघडवू शकतात, त्यामुळे पुढे जायचे ते एकेक पायरीने आणि प्रतीवरच. पुस्तके आणि सभासद यांचे तक्ते पहिल्याच पातळीवर सुखरूप बाहेर आले. देवघेवीचा तक्ता मात्र मध्येच सर्व्हर पाडत होता, तेव्हा नोंद क्रमांकाचे लहान लहान टप्पे करून त्या पानाच्या अलीकडचे आणि पलीकडचे सर्व काढून घेतले.

शेवटी ६८ नोंदी हाती लागल्या नाहीत. काकूंनी संगणक आल्यानंतरही हाताने लिहिलेली देवघेव वही बंद केली नव्हती; त्या एकेक दाखल क्रमांक वाचत गेल्या आणि मी ते भरत गेलो, दुपारी दोनपर्यंत. रिकाम्या कार्डावर नव्याने प्रणाली बसवून त्यात हा सारा डेटा घातला आहे. आता रोज रात्री पूर्ण प्रत पेन ड्राइव्हवर जाते, आणि महिन्यातून एकदा ती मी लॅपटॉपवर खरोखर उतरवून शेवटची नोंद वहीशी ताडून पाहतो. पाय खिडकीपासून आतल्या भिंतीवर हलवला आहे. कालच्या मोजणीत त्याच दोन पिनांवर ५.०७ व्होल्ट होते.