तुम्ही विचारलंत म्हणून: लिंडिसफार्न आणि पफिन, एका दिवसात?

होतं. पण दर उन्हाळ्यात लंडनहून फोन येतो आणि "होतं" एवढंच ऐकून ठेवला जातो, म्हणून एकदा सगळं लिहिते. दोन्ही ठिकाणं इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर आहेत.

पफिन हे रंगीत चोचीचे समुद्रपक्षी फार्न बेटांवर, बोट सीहाउसेस गावाहून. ऑगस्टमध्ये आई-बाबांना आणणार असाल तर पफिनसाठी येऊ नका, तोवर ते समुद्रावर निघून गेलेले असतात. जूनमध्ये त्यांतल्या इनर फार्न बेटावर उतरताना टोपी हवीच. वाटेलगत टर्न या समुद्रपक्ष्यांची घरटी असतात आणि ते थेट डोक्यावर चोच मारतात. ओढणी पुरत नाही.

खरा घोळ लिंडिसफार्न बेटाला किनाऱ्याशी जोडणाऱ्या रस्त्यावर होतो. दिवसातून दोनदा तो समुद्राखाली जातो. "अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासारखंच ना?" नाही हो. तिथे चढतं पाणी समोर दिसतं. इथला सखल भाग बेटापासून लांब, पलीकडच्या किनाऱ्याजवळच्या पुलाशी आहे. बेटावरून निघताना डांबर कोरडं असतं, पुढची गाडीही गेलेली असते. पुलाजवळ पोचेपर्यंत रस्त्यावर पाणी आलेलं असतं, आणि वळावं तर मागेही चढायला लागलेलं. इंजिनात पाणी शिरलं की गाडी जागीच बंद. मग अडकलेल्यांसाठी खांबांवर बांधलेल्या पांढऱ्या खोलीत शिडीने चढायचं आणि आरएनएलआय या सागरी बचाव संस्थेच्या बोटीची वाट बघायची. गाडी गेली ती गेलीच.

नॉर्थम्बरलंड काउंटी कौन्सिलच्या (तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या) तक्त्यात त्या तारखेच्या सुरक्षित वेळा बघा. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे मैत्रिणीने गेल्या आठवड्यात पाळलेली वेळ तुमच्या कामाची नाही. समुद्राकडून जोराचा वारा असेल तर पाणी तक्त्याच्या आधीच येतं. शेवटच्या वेळेच्या तासभर आधी निघा.

पूर्वी मीच म्हणायचे, तक्ता पाळला की भीती कसली? ते आजही खरं आहे. पण लाटांमुळे पफिनची बोट उशिरा सुटते, आणि तो गेलेला तास लोक लिंडिसफार्नवर भरून काढायला बघतात. म्हणून आता मी दोन रात्री राहा म्हणते. चौघांच्या घराला ते भाडं जड जातं, कबूल. मग एकच निवडा. जूनमध्ये मी पफिन निवडेन. पण जिथे 635 मध्ये एडन या ख्रिस्ती संन्याशाने मठ उभारला आणि 793 मध्ये व्हायकिंग येऊन धडकले, ती जागा सोडून द्या, असं इतिहासासाठी येणाऱ्याला सांगायला माझी जीभ रेटत नाही.