कांजिण्या झाल्यावर कामावर जायचं का? माझा अनुभव

मी चाकणला एका कंपनीत वायरिंग हार्नेसच्या, म्हणजे वायरींचे जुडगे बांधायच्या लाईनवर आहे, कॉन्ट्रॅक्टवर. २०२४ च्या मार्चमध्ये मला कांजिण्या झाल्या, आणि कामावर जायचं की नाही यावरून घरात, फोनवर, लाईनवर जे काय झालं आणि मग रजा, सर्टिफिकेट, पैसे हे सगळं कसं जमवलं ते लिहितेय. मला तेव्हा हे नीट सांगणारं कोणी भेटलं नव्हतं आणि आमच्यासारख्या हजारो बायका रोज पहाटे कंपनीच्या बसमध्ये बसतात, त्यातल्या एकीला जरी उपयोग झाला तरी खूप आहे.

घरात कांजिण्या आल्या त्या मुलाला, बालवाडीतून. त्याला हलक्या गेल्या, थोडा ताप, पोटावर पाठीवर पुरळ, चार दिवस चिडचिड आणि नंतर पोरगं खेळायला पण लागलं. नवऱ्याला लहानपणी होऊन गेल्या होत्या. मला झाल्या होत्या की नाही हे मलाच माहीत नव्हतं म्हणून आईला गावाला फोन केला तर ती म्हणाली तुझ्या भावाला झाल्या तेव्हा तुला मामाकडे पाठवलं होतं, तुला नाही झाल्या. लागण झाल्यापासून पुरळ यायला साधारण १० ते २१ दिवस लागतात, म्हणजे मुलगा पूर्ण बरा होऊन आपण सगळे विसरलो की मग मोठ्यांना सुरू होतं, तसंच झालं.

आदल्या रात्री अंग मोडून आलं होतं, ताप होता. पहाटे फर्स्ट शिफ्टसाठी आंघोळीला गेले तर छातीवर लाल पुटकुळ्या आणि त्यातल्या दोन-तीनवर पाणी भरलेलं, अगदी दहिवराच्या थेंबासारखं. केसांत हात घातला तर तिथंही लागलं. मुलाचं नुकतंच बघितलेलं होतं त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. बस यायला अर्धा तास. आता बाहेरच्या माणसाला वाटेल यात विचार काय करायचा, घरी बस, पण मार्च महिना म्हणजे कंपनीत डिस्पॅचची मारामारी असते, आमच्याकडे अटेंडन्स अलाऊन्स म्हणजे हजेरीचा भत्ता एका खाड्याला अर्धा आणि दुसऱ्या खाड्याला पूर्ण कापतात, आणि कॉन्ट्रॅक्टवाल्याला कायम वाटत असतं की आपण दोन-चार दिवस दिसलो नाही तर आपल्या जागेवर दुसरी उभी राहील. त्यामुळे ताप अंगावर काढून, गोळी घेऊन लाईनला उभं राहणं हे आमच्यात कोणाला विशेष वाटतच नाही.

मला थांबवलं ते एका गोष्टीने. आमच्या बोर्डवर माझ्या शेजारी जी मुलगी असते ती गरोदर होती, पाचवा महिना लागलेला. ज्यांनी हार्नेसचं काम बघितलं नाही त्यांना सांगते, मोठा कलता बोर्ड असतो, त्यावर वायरी अंथरून कनेक्टर लॉक करायचे आणि टेपिंग करायचं, आणि एका बोर्डवर दोघी-तिघी असतो. टेप मारताना माझं कोपर तिच्या कोपराला लागतं, तिने अर्धा गुंडाळलेला रोल मी उचलते, वाकलो की दोघींची डोकी जवळजवळ चिकटतात. त्या बोर्डवर लांब राहून काम करता येतच नाही.

आणि आमच्या लाईनने २०२३ चा पावसाळा बघितलेला होता. आळंदीला डोळ्यांची साथ सुरू झाली आणि चाकण तिथून जवळच, आमच्याकडे पहिली एकजण काळा गॉगल लावून आली कारण तिला खाडा परवडणार नव्हता. पुढच्या आठवड्यात अर्धी लाईन डोळे चोळत होती आणि सुपरवायझर दुसऱ्या सेक्शनमधून माणसं मागत फिरत होते. तिचा एक खाडा वाचला आणि बाकीच्यांचे किती झाले याचा हिशोब कोणीच केला नाही. त्या पोरीला मी दोष देत नाही, तिला घरी बसायची सोयच ठेवलेली नव्हती.

तर मी बसला गेले नाही. सुपरवायझर सरांना मेसेज टाकला, नुसतं तब्येत बरी नाही असं न लिहिता सरळ लिहिलं की कांजिण्या आल्यात, संसर्गाचा आजार आहे, डॉक्टरकडे जाऊन सर्टिफिकेट घेऊन कळवते. लेखी मेसेज असणं पुढे फार कामाला आलं.

आता दवाखान्यात जायचं तर तिथेही माणसं असतातच ना, लहान बाळं, गरोदर बायका. म्हणून नवऱ्याच्या गाडीवर गेलो, रिक्षा-बस टाळली. मी फुल बाह्या, स्कार्फ, मास्क घालून बाहेर झाडाखाली थांबले आणि तो आधी काउंटरला जाऊन सांगून आला की कांजिण्यांचा पेशंट बाहेर आहे. त्यांनी मला लाईनीत न बसवता मागच्या दाराने थेट आत घेतलं. डॉक्टर मॅडमनी नीट समजावून सांगितलं ते असं, की मोठ्या माणसांना कांजिण्या लहान मुलांपेक्षा जड जातात, न्यूमोनिया होऊ शकतो, त्यामुळे धाप लागली, छातीत दुखलं किंवा माणूस बरळायला लागला तर थेट हॉस्पिटल. विषाणू मारायच्या ॲसायक्लोव्हिरच्या गोळ्या दिल्या, पुरळ आल्यापासून २४ तासांच्या आत सुरू केल्या तर जास्त फायदा होतो म्हणाल्या. तापाला पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन अजिबात नको. आणि कामावर कधी, हे विचारलं तर तापावरून ठरवायचं नाही, शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत घरी. कांजिण्या एकदम येत नाहीत, लाटेलाटेने येतात, एका बाजूला जुन्यावर खपली आलेली असते आणि दुसरीकडे नवीन पाणी भरत असतं, त्यामुळे ताप उतरून आपल्याला बरं वाटायला लागतं तेव्हाही आपण दुसऱ्याला देत असतो. नुसत्या हात लावण्याने नाही, हवेतूनही पसरतात, त्यामुळे अंग झाकून येते वगैरेला काही अर्थ नाही.

मग त्यांनी विचारलं कामावर शेजारी कोणी गरोदर आहे का. मी हो म्हटल्यावर त्या म्हणाल्या तिला आजच कळवा, कारण पुरळ दिसायच्या आधी एक-दोन दिवस पण लागण होत असते.

मी बाहेर येऊन तिथूनच तिला फोन लावला, ती कॅन्टीनमध्ये होती. म्हटलं, "अगं घाबरू नको पण नीट ऐक, मला कांजिण्या आल्यात, तुला लहानपणी झाल्या होत्या का?" ती म्हणाली, "ताई मला नाय माहीत ओ, आई पण नाही विचारायला." तिची आई गेलेली. मला फार वाईट वाटलं. मी सांगितलं आजच तुझ्या डॉक्टरला फोन कर, रक्ताची एक तपासणी असते, अँटिबॉडी आहेत का ते कळतं, आणि नसल्या तर एक वेगळं इंजेक्शन असतं जे संपर्क आल्यापासून दहा दिवसांच्या आतच द्यावं लागतं, त्यामुळे बघू उद्या करू नको. कांजिण्यांची नेहमीची लस गरोदरपणात देत नाहीत हे पण मॅडमनीच सांगितलेलं. तिने संध्याकाळी रक्त दिलं. रिपोर्ट येईपर्यंत मला माझ्या खाजेपेक्षा त्याचंच जास्त होतं. रिपोर्टमध्ये तिला आधीपासून प्रतिकारशक्ती आहे असं आलं, म्हणजे लहानपणी कधीतरी होऊन गेल्या असणार. तिने रडत रडत फोन केला, मी पण रडले.

घरात वेगळंच चालू होतं. सासूबाईंचं म्हणणं हे देवीचं आहे, औषध घ्यायचं नाही, घरात फोडणी द्यायची नाही, कडुलिंबाच्या पाल्यावर झोपायचं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पाला उशाला ठेवला, फोडणी पण बंद ठेवली, तेवढ्याने त्यांना बरं वाटत असेल तर वाटू दे, पण गोळ्या मात्र वेळेवर घेतल्या आणि त्यांना सांगितलं की आई, देवीचा रोग वेगळा होता, तो तर १९७७ मध्येच देशातून गेल्याचं जाहीर झालं, हा दुसरा आजार आहे आणि याला औषध आहे. नखं कापली, रोज कोमट पाण्याने आंघोळ केली, लोशन लावलं. रात्री खाज इतकी की हाताला मुलाचे मोजे घालून झोपले.

ताप उतरल्यावर सरांचा फोन आला. सर माणूस वाईट नाही, त्यांच्यावर वरून दबाव. म्हणाले, "ताप गेला ना आता? फुल बाह्यांचा ड्रेस घालून ये, तुला कोपऱ्यातल्या टेबलला बसवतो, कोणाला सांगू नको." मी म्हटलं, "सर नवीन फोड येतायत अजून, डॉक्टरांनी लिहून दिलंय. बसमध्ये पण चाळीस बायका असतात, त्यातल्या कोणाला झालं नाहीये कोणाला दिवस गेलेत मला कसं कळणार?" ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले बरं, एचआरला कागद पाठव.

आता पैशाचं, जे मला खरं सांगायचंय. आमचा पगार महिना २१,००० च्या आत म्हणून ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, त्याचे पैसे कापतात, आपले ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. स्लिपवर शंभर-सव्वाशे रुपये कापलेले दिसतात आणि सगळ्यांना वाटतं ते फक्त दवाखान्यासाठी आहे, कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने पण मला तेच सांगितलं. पण आजारपणाच्या रजेचे पैसे पण त्यातूनच मिळतात! ईएसआयच्या डॉक्टरांनी सर्टिफिकेट दिलं तर रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. पहिले दोन दिवस धरत नाहीत. अट अशी की ठरलेल्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांचं काँट्रिब्युशन भरलेलं पाहिजे, आणि जानेवारी ते जूनमध्ये आजारी पडलात तर त्याच्या आधीच्या एप्रिल ते सप्टेंबरचे दिवस बघतात. माझे भरत होते. कॉन्ट्रॅक्टवर असलात तरी लागू आहे, स्लिपवर ईएसआयचा नंबर असला म्हणजे झालं.

यात एक ठिकाण आहे जिथे लोक फसतात. एचआरच्या मॅडम आधी म्हणाल्या तुझ्या शिल्लक सुट्ट्यांतून पीएल, म्हणजे भरपगारी रजा टाकते. ऐकायला चांगलं वाटतं पण ज्या दिवसाचा पगार किंवा भरपगारी रजा घेतली त्या दिवसाचे ईएसआयचे पैसे मिळत नाहीत, आणि तुमच्या पीएल पण गेल्या. माझ्या पीएल मोजक्याच होत्या आणि गावी यात्रेला लागणार होत्या, म्हणून मी व्हॉट्सॲपवर लेखी कळवलं की हे दिवस ईएसआयची रजा म्हणून मांडा. ईएसआयचं ऑफिस कंपनीकडून खात्री पण करून घेऊ शकतं की त्या दिवसांत बाई कामावर नव्हती, त्यामुळे मध्येच अर्धा दिवस जाऊन आले असं चालत नाही.

कागद नवऱ्यानेच फिरवले. ईएसआयच्या दवाखान्यातलं पहिलं सर्टिफिकेट, ईएसआयचं ई-पहचान कार्ड, आधार, पासबुकाची झेरॉक्स आणि क्लेमचा फॉर्म, हे ईएसआयच्या शाखा कार्यालयात. एकदा तो परत आला कारण पासबुकावर माझं माहेरचं नाव आणि ईएसआयला सासरचं, मग बँकेतून दुरुस्ती करून घ्यावी लागली, तर बायांनो हे आजारी पडायच्या आधीच बघून ठेवा. प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढायचा आणि जमा केल्याचा शिक्का आपल्या कॉपीवर मागायचा.

कॉन्ट्रॅक्टरचा माणूस मध्ये एकदा बोलला की एवढे दिवस राहिलीस तर जागा भरावी लागेल. भीती वाटली. पण दवाखान्यातल्या क्लार्क काकांनी सांगितलेलं होतं की तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या ईएसआय कायद्यात ७३ वं कलम होतं, त्यानुसार आजारपणाचा लाभ चालू असताना कामावरून काढता येत नव्हतं, तशी नोटीस दिली तरी ती चालत नव्हती. मी एवढंच म्हटलं, "दादा मी ईएसआयच्या रजेवर आहे, सर्टिफिकेट पाठवलंय, तुम्ही ७३ कलम बघून घ्या." पुन्हा त्याचा फोन आला नाही.

सगळ्या खपल्या धरल्यावर परत दवाखान्यात गेले, मॅडमनी केसांतून, पाठीवर, हातापायावर सगळीकडे बघितलं, नवीन काही नाही म्हणाल्या आणि शेवटचं फिटनेसचं सर्टिफिकेट दिलं. ते दाखवल्यावरच गेटवर पंच चालू झालं. चेहऱ्यावर डाग होते, दोघी-तिघी सुरुवातीला लांब बसल्या, त्यांना मी समजावलं की खपली धरली की संसर्ग नसतो. माझ्यामुळे लाईनवर आणखी एकीला झाल्या, पॅकिंगच्या मुलीला, म्हणजे पुरळ दिसायच्या आधीच्या त्या एक-दोन दिवसांतच गेल्या असणार. पण तिने पुरळ दिसल्या दिवशीच मला फोन केला, आणि तिचे सगळे कागद एका फेरीत झाले.

पैसे थोड्या दिवसांनी खात्यात जमा झाले. पूर्ण पगाराएवढे नाहीत, पण घरभाडं आणि किराणा निघाला, उसने घ्यावे लागले नाहीत. अटेंडन्स अलाऊन्स मात्र त्या महिन्याचा पूर्ण कापला गेला. तो ईएसआयकडून भरून मिळत नाही, ती कंपनीची स्वतःची योजना. आम्ही लाईनवरच्या बायकांनी मिळून एचआरला लेखी अर्ज दिलाय की डॉक्टरने संसर्गाचा आजार म्हणून लिहून घरी बसवलं असेल तर तो खाडा धरू नये, आणि सोबत २०२३ च्या डोळ्यांच्या साथीत आमच्या लाईनवर किती खाडे झाले ते हजेरीच्या रजिस्टरवरून काढून बघा असं लिहिलंय. सरांनी पण त्यावर सही केली. उत्तर अजून आलेलं नाही, दर महिन्याच्या मिटिंगला आम्ही विचारतोय.