फ्रीजमध्ये ठेवा म्हणणाऱ्यांनो

भाऊबीजेला ताईने ओवाळलं, मी तबकात डबा ठेवला. तिने तिथल्या तिथे झाकण उघडलं आणि म्हणाली, "अरे, याला बुरशी आलीय का?"

डब्यात मी स्वतःच्या हातांनी केलेली बदाम-बेदाण्याची २४ चॉकलेटं होती. चोवीसच्या चोवीस पांढुरकी, ओल आलेल्या भिंतीसारखी. बुरशी नव्हती ती, पण हे पटवून द्यायला सगळ्यांसमोर मला एकट्याला चार खावी लागली. संगमनेरला परत जाताना ताई डबा टेबलावर विसरून गेली. विसरली, असं ती म्हणते.

वास्तविक सुरुवात झकास झाली होती. नवरात्रात लेकीच्या मैत्रिणींसाठी म्हणून मी नाशिकच्या मेन रोडवरून चॉकलेटचा एक स्लॅब आणला, पातेल्यातल्या गरम पाण्यावर वाटी ठेवून वितळवला, भाजलेले शेंगदाणे घातले, चमच्याने बटर पेपरवर गोळे टाकले. अर्ध्या तासात घट्ट, चकचकीत. मी स्वतःवर फार खूश झालो. लेकीने एक तोंडात टाकलं आणि म्हणाली, "बाबा, मेणबत्ती खाल्ल्यासारखं लागतं." मग पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली. कोको बटर (कोकोच्या बियांतली चरबी) नावालाही नाही, त्याच्या जागी हायड्रोजनेटेड वनस्पती तेल. याला कंपाउंड म्हणतात. दुकानदाराने मात्र "एकदम प्युअर" म्हणून दिलं होतं. कंपाउंड वाईट नाही, मुलांच्या वाढदिवसाला पन्नास-साठ नग करायचे असतील तर तेच घ्या, कारण ते वितळवून ओतलं की काम संपतं. पण जिभेवर ते विरघळत नाही, टाळूला चिकटून राहतं.

मी खरं चॉकलेट आणायचं ठरवलं. केकचं सामान मिळतं तिथे डार्क चॉकलेटच्या चकत्या मिळाल्या. घटकांत कोको मास (दळलेल्या कोकोच्या बिया), कोको बटर, साखर, लेसिथिन, बस. कंपाउंडपेक्षा बरंच महाग. आणि इथून पुढे माझे दोन महिने गेले.

पहिला घोळ आईमुळे झाला. बेदाणे पिंपळगावहून आले होते, मित्राच्या मळ्यातले, द्राक्षाचा वास अजून अंगाला असलेले. आई म्हणाली, "अरे, न धुता घालतोस? वाळवताना किती माशा बसतात!" धुतले, फडक्याने टिपले. कोरडे दिसत होते. पण बेदाण्याला सुरकुत्या असतात आणि पाणी त्या सुरकुत्यांत बसतं. वितळलेल्या चॉकलेटमध्ये घालून दोनदा हलवलं न हलवलं, तोच ते चुरचुरीत झालं आणि बघता बघता उलथन्यावर एक रवाळ, निस्तेज गोळा उभा राहिला. ४०० ग्रॅम चॉकलेट! थेंबभर पाण्याने हे होतं. आतली कोरडी साखर आणि कोकोची पूड ते पाणी ओढून घेते आणि एकमेकांना चिकटते. यावर गंमत अशी की थोड्या पाण्याने बिघडलेलं भरपूर पाण्याने सुधारतं. गरम दूध थोडं थोडं घालत घोटलं तर पुन्हा गुळगुळीत होतं. गोळ्या त्याच्या होत नाहीत, पण दुधात घालून प्यायला किंवा पोळीला लावायला उत्तम. आम्ही आठवडाभर लावत होतो. बेदाणे धुवायचेच असतील तर आदल्या दिवशी धुऊन पंख्याखाली पसरून ठेवा. वाटीखालच्या पाण्यालाही उकळी फुटू देऊ नका, वाफ वर येते. वाटीचं बूड पाण्याला टेकता कामा नये.

हे एकदाच झालं, कळलं, संपलं. खरं डोकं खाल्लं ते पांढरेपणाने.

दुसऱ्या खेपेला सगळं कोरडं ठेवलं. गोळे टाकले, वाट बघत बसलो. अर्धा तास झाला, एक तास झाला. बोट लावलं की ठसा उमटतोय. दिवाळीच्या आधीचे दिवस, दुपारी ऑक्टोबरची ती चिकट उष्णता, स्वयंपाकघरात तिशीच्या आसपास तापमान. दुकानात फोन केला. "काका, फ्रीजमध्ये ठेवा ना." शेजारच्या वहिनींना विचारलं. "फ्रीजमध्ये ठेवा की भावजी." मामी पुण्याहून फोनवर, "रात्रभर फ्रीजमध्ये ठेव, सकाळी दगड होतं की नाही बघ." ठेवलं. सकाळी खरंच दगड झालं होतं. मी विजयी मुद्रेने ट्रे ओट्यावर काढून ठेवला आणि कामावर गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर सगळ्यांना घाम फुटलेला. तो घाम वाळला, आणि तिसऱ्या दिवशी पांढरी खरबरीत साय. तोच डबा ताईपुढे गेला, कारण दुसरं काही करायला वेळच नव्हता.

दिवाळीनंतर मी ईर्ष्येला पेटलो. आणखी दोन खेपा केल्या. फ्रीजमधून काढून लगेच डब्यात घातलं, तरी पांढरं. फ्रीजमध्ये न ठेवता दोन दिवस कपाटात ठेवलं, तर मऊच राहिलं आणि वर राखाडी रेघा आल्या. मनातल्या मनात दुकानदाराला शिव्या घातल्या, शिळा माल दिला म्हणून. (नव्हता शिळा. त्याने बिचाऱ्याने यावेळी बरोबर माल दिला होता, सल्ला तेवढा चुकीचा.)

पांढरेपणाचे दोन प्रकार असतात हे तेव्हा कळलं. एक फ्रीजचा. थंड चॉकलेटवर हवेतलं पाणी धरतं, ते वरची साखर विरघळवतं, पाणी उडून गेलं की साखरेचे कण उरतात. हात फिरवला तर खरबरीत लागतो, चोळून जात नाही. दुसरा कोको बटरचा. तो गुळगुळीत असतो, बोटाने चोळला की बोटाच्या उबेने पुसला जातो. खायला दोन्ही चालतात, हे ताईला अजून मान्य नाही. भाऊबीजेचा पहिला होता, राखाडी रेघा म्हणजे दुसरा.

आणि दुसऱ्याचं कारण वाचलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. कोको बटर सहा वेगवेगळ्या तऱ्हांनी गोठू शकतं. त्यातली पाचवी तऱ्हा आपल्याला हवी असते, ती घट्ट, चकचकीत, कट्‌कन मोडणारी आणि जिभेवर विरघळणारी, कारण ती ३४ अंशांच्या आसपास वितळते. नुसतं वितळवून सोडून दिलं की त्याला हवं तसं ते गोठतं, बहुतेक वेळा मऊ आणि रेघांचं. म्हणून वितळवायचं, ठरावीक अंशांपर्यंत खाली आणायचं आणि तिथे धरून काम करायचं. याचं नाव टेम्परिंग.

मी सातपूरला कारखान्यात २२ वर्षं हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून-निववून हवं तसं कडक करण्याच्या, भट्टीपुढे काढली आहेत. टेम्परिंग हा शब्द मी दिवसातून शंभरदा ऐकतो. कोयत्याला पाणी देणारा आमच्या गावचा लोहारही जाणतो की नुसतं तापवून उपयोग नाही, किती तापवलं आणि कसं निववलं त्यावर सगळं आहे. कामावर कोणी तापमान न लिहिता जॉब (भट्टीतला नग) काढला तर मी त्याला फाडून खातो. आणि घरी मी दोन महिने अंदाजपंचे वाटी हलवत बसलो होतो.

तर थर्मामीटर. घरात तापाचा होता, डिजिटल. तो धुऊन-पुसून चॉकलेटात बुडवला. ही म्हणाली, "अहो, उद्या पोरीला ताप आला तर हाच तोंडात घालायचा का?" तो प्रश्न बाजूला राहू द्या, पण त्याचा उपयोगही होत नाही. डार्क चॉकलेटवर काम करायचं ते ३१-३२ अंशांना, आणि आमचा थर्मामीटर ३२ च्या खाली गेला की पडद्यावर नुसतं 'लो' दाखवतो. नेमकं जिथे बघायचं तिथेच आंधळा. शेवटी स्वयंपाकाचा टोकदार थर्मामीटर मागवला, ३०० रुपयांच्या आसपास. हा खर्च पहिल्या दिवशी केला असता तर दीड किलो चॉकलेट वाचलं असतं.

डिसेंबरात निफाडला पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या, तसा मी एका रविवारी सकाळी सहाला ओट्यापाशी उभा राहिलो. स्वयंपाकघरात १९ अंश. ४०० ग्रॅममधलं साधारण एकतृतीयांश चॉकलेट बारीक चिरून बाजूला ठेवलं. उरलेलं वितळवून ४५ ते ५० च्या मध्ये नेलं, वाटी पाण्यावरून उतरवली, बूड पुसलं (इथेही थेंब असतो!) आणि बाजूचा चुरा मूठमूठ घालत ढवळत राहिलो. हा न वितळवलेला चुरा म्हणजे दह्याचं विरजण समजा. पाचव्या तऱ्हेचे कण त्यात तयार असतात, बाकीचं त्यांच्या मागे जातं. फक्त विरजण लावून झोपायचं नाही, ढवळत राहायचं. आकडा हळूहळू उतरला. ३८, ३५, ३३. इथे माझा धीर सुटत होता, कारण शेवटचे दोन अंश दहा मिनिटं घेतात. ३२ ला सुरीचं टोक बुडवून ओट्यावर ठेवलं. पाच मिनिटांत त्यावरचं चॉकलेट एकसारखं, चमकदार घट्ट झालं. रेघ नाही. मी हिला झोपेतून उठवून ती सुरी दाखवली. तिने ती चाटली आणि पुन्हा झोपली.

थर्मामीटर नसेल तर थेंबभर खालच्या ओठाला लावून बघतात. किंचित गार लागलं तर बेत जमला, कोमट लागलं तर अजून ढवळा. मिल्क चॉकलेट घेतलंत तर काम दोन अंश खाली, २९-३० ला.

पुढचं काम भराभर. १५० ग्रॅम बदाम मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजून, अडकित्त्याने दोन-दोन तुकडे करून, पूर्ण गार केलेले. हे गार करणं विसरू नका, गरम बदाम घातले की सगळी मेहनत वितळते. १०० ग्रॅम बेदाणे. चिमूटभर मीठ. ढवळून बटर पेपरवर चमच्याने गोळे, चाळीसेक होतात. मधेच घट्ट व्हायला लागलं तर वाटी काही सेकंद गरम पाण्यावर धरा, पण आकडा बघत. ३४ च्या वर गेलात की पुन्हा पहिल्यापासून.

उरलेल्यात मी आईच्या हातच्या शेंगदाण्याच्या चिक्कीचे तुकडे अर्धे बुडवले. चिक्कीबद्दल मी काय लिहिणार, आई चिक्कीच्या गुळाचा पाक करते, थेंब पाण्यात टाकते आणि गोळी ताटलीवर आपटून 'टण्' वाजली की दाणे घालते. थर्मामीटर बघून ती हसली. एवढंच सांगतो, चिक्की बुडवायची तर त्याच दिवशीची घ्या. हवा लागून चिकट झालेलीवर चॉकलेट बसत नाही.

मे महिन्यात नाशकात हे करायला जाऊ नका. पावसाळ्यातही नको. थंडीतली सकाळ हाच मुहूर्त.

संक्रांतीला तिळगुळाबरोबर एक डबा ताईकडे पाठवला. भाचा इथे इंजिनिअरिंगला आहे, शनिवारी घरी जाताना त्याच्या सॅकमध्ये दिला. रात्री ताईचा फोन. "काय रंग आलाय रे! मोडताना आवाजसुद्धा येतो." मी गप्प बसून ऐकत होतो, इतकं बरं वाटत होतं. मग ती म्हणाली, "पण एक विचारू? यात हिंग घातलायस का?"

चॉकलेट वास धरतं, हे लिहायचं राहिलं होतं. डबा आठवडाभर मसाल्याच्या कपाटात होता. फ्रीज टाळायचा म्हणून.