फियॉर्डमधलं कयाकिंग, सी कयाकिंग म्हणायचं की नाही?

नॉर्वेच्या फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधून लांब आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीत, कयाक (वल्ह्याने चालवायची निमुळती होडी) चालवून आलं की कोणीतरी ऐकवतंच, "ते कसलं सी कयाकिंग, ते तर तळं!" आता हे अगदीच खोटं नाही. नेरॉयफियॉर्ड हा सोग्नफियॉर्डचा एक फाटा, खुल्या समुद्रापासून शंभराहून जास्त किलोमीटर आत, तिथे समुद्राची मोठी लांब लाट पोचतच नाही आणि उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी हलकं म्हणून वरच तरंगतं, त्यामुळे तोंडावर शिंतोडे उडाले तरी धड खारटसुद्धा लागत नाहीत.

पण मला विचाराल तर हे सी कयाकिंगच. भरती-ओहोटी आहे, जेवायला बसताना कयाक नीट वर ओढून ठेवली नाही तर गेलीच म्हणून समजा. आणि खरी गोची कड्यांची. नेरॉयफियॉर्ड सगळ्यात अरुंद जागी 250 मीटर आहे, म्हणजे काठ कायम जवळ, पण काठ म्हणजे सरळ पाण्यात उतरलेली भिंत, तिथे उतरणार कुठे? उलटलात तर पाणी असं गार की बोटं आधी कामातून जातात. त्यात एखादं मोठं जहाज गेलं की त्याची लाट कड्यावर आपटून परत येते, मागून येणारी तिला भिडते आणि पाणी जागच्या जागी टोकदार होऊन वर उसळतं, लाट नक्की कुठून येतेय तेच कळत नाही. अशा वेळी कंबर सैल सोडायची, पॅडल पाण्यातून काढायचं नाही आणि फोटोबिटो विसरायचे. दुपारचा वारा वेगळाच, डोंगरांमध्ये कोंडून नेमका समोरून येतो.

शिवाय सगळे फियॉर्ड शांत असतात असं कोणी सांगितलं? उत्तर नॉर्वेतल्या बोदो शहराजवळचं साल्टस्ट्राउमेन बघा, दोन फियॉर्डना जोडणाऱ्या जेमतेम 150 मीटर रुंद खिंडीतून भरतीचं पाणी घुसतं, प्रवाह 20 नॉट्सपर्यंत (ताशी सुमारे 37 किलोमीटर) जातो आणि आपण दमून भागून मारतो तीन-चार नॉट्स.

हां, फियॉर्ड केला म्हणून उद्या थेट बाहेरच्या किनाऱ्यावर जाऊ नका. फुटणाऱ्या लाटांतून किनाऱ्याला लागणं आत शिकायलाच मिळत नाही, ते वेगळं शिकावं लागतं. आणि ज्यांना वादच नकोय त्यांनी ते शिकून त्याच सोग्नफियॉर्डच्या तोंडाशी सोलुंडच्या बेटांकडे जावं, तिथे तळं म्हणायची कोणाची टाप नाही.